अंतर्गत कारभार, मानवी हक्क आणि परराष्ट्रनीती : भारताच्या १९४६ च्या तक्रारीचा विचार

एखाद्या राज्याने आपल्या प्रजाजनांस कसे वागवावे हा त्या राज्याचा घरचा प्रश्न होय, असे आंतरराष्ट्रीय व्यवहाराचे जुने सूत्र आहे. त्याला परंपरेने एकच अपवाद मानला जात असे. परक्या राज्याचा नागरिक तेथे राहत असेल आणि त्याच्यावर अन्याय होत असेल, तर त्याच्या मूळ राज्याने त्याच्या वतीने दाद मागावी. परंतु ज्याचे नागरिकत्व त्याच राज्याचे आहे, त्याच्या बाजूने बोलण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांनी तुर्की साम्राज्यातील ख्रिस्ती प्रजेच्या नावाने अनेकदा हस्तक्षेप केले हे खरे; तथापि त्यामागे हक्काच्या तत्त्वापेक्षा आरमाराचे बळ अधिक होते, आणि तोच न्याय त्या सत्तांनी स्वतःच्या वसाहतींतील प्रजेला कधी लावला नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेने या जुन्या सूत्राच्या शेजारी एक नवे सूत्र आणून बसविले. वंश, लिंग, भाषा अथवा धर्म यांचा भेद न करता सर्वांच्या मानवी हक्कांचा आदर वाढविणे हे संघाचे कार्य आहे, असे कलम ५५ म्हणते. त्यासाठी सहकार्य करण्याचे वचन कलम ५६ अन्वये सर्व सभासद राष्ट्रांनी दिले आहे. उलट, जे विषय मुख्यतः एखाद्या राज्याच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातील आहेत त्यांत संघाने हस्तक्षेप करू नये, असा निर्बंध कलम २ च्या सातव्या परिच्छेदात घातलेला आहे. या दोन वचनांचा संघर्ष झाल्यास श्रेष्ठ कोणते मानावे, हे सनद सांगत नाही. बहुधा ते सांगणे सनदकर्त्यांना सोयीचे नव्हते. हा संघर्ष आमसभेपुढे प्रथम उभा केला तो भारताने, दिनांक २२ जून १९४६ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार दाखल करून. आणि त्या दिवशी भारत हे स्वतंत्र राष्ट्रही नव्हते.

ही तक्रार एकाएकी उद्भवलेली नाही. १८६० पासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख हिंदी मजूर गिरमिटाच्या करारावर नाताळच्या ऊसमळ्यांत नेण्यात आले. कराराची मुदत संपल्यावर जे तेथेच राहिले त्यांच्यावर वार्षिक तीन पौंडांचा कर लादण्यात आला, आणि तो बसविण्याचा हेतू उत्पन्नाचा नसून त्यांना पुन्हा गिरमिटात ढकलण्याचा किंवा मायदेशी घालविण्याचा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात ठराव मांडला की, नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा अधिकार सरकारने हाती घ्यावा. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून भरती बंद झाली. या ठरावाचे महत्त्व साधारणतः गांधीजींच्या सत्याग्रहाच्या छायेत झाकले जाते. वास्तविक आर्थिक निर्बंध म्हणून ज्याला पुढे ओळखण्यात आले, त्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे: मळेवाल्यांना ज्या गोष्टीची गरज होती, तीच रोखून धरण्यात आली. १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले. तीन पौंडांचा कर रद्द होईल असे आश्वासन मिळाल्याचे त्यांनी सांगितले, आणि असे आश्वासन दिलेच नव्हते असे तेथील मंत्र्यांनी नंतर म्हटले. कर रद्द झाला तो १९१४ मध्ये, मोठ्या सत्याग्रहानंतर.

यापुढील तीस वर्षांची कथा तहांची आणि तह मोडल्याची आहे. १९२७ चा केपटाउन करार, गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री यांची तेथील पहिले हिंदी एजंट म्हणून नेमणूक, १९३२ चे संयुक्त निवेदन, १९४३ चा जमीनखरेदीवर बंधन घालणारा कायदा, असा हा क्रम आहे. अखेर जून १९४६ मध्ये युनियनच्या पार्लमेंटने आशियाई लोकांची जमीनधारणा आणि हिंदी प्रतिनिधित्व यांसंबंधीचा कायदा केला. नाताळ व ट्रान्सवाल येथील हिंदी लोकांनी कोठे जमीन घ्यावी आणि कोठे राहावे हे त्याने ठरवून दिले, आणि बदल्यात गोऱ्या सभासदांकरवी मिळणारे तुटपुंजे प्रतिनिधित्व देऊ केले. लोकांनी ते नाकारले. १३ जूनपासून डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला व सुमारे दोन हजार स्त्रीपुरुष तुरुंगात गेले.

दिल्लीत त्या वेळी परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात डॉ. खरे यांचे नाव काँग्रेसशी झालेल्या त्यांच्या कलहामुळेच बहुधा घेतले जाते. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर कडक धोरणाचा आग्रह त्यांनी सातत्याने धरला, हे नोंदविले पाहिजे. मार्च १९४६ मध्ये व्यापारी करार संपविण्याची नोटीस देण्यात आली. हिंदी सरकारचे हाय कमिशनर, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांना परत बोलाविण्यात आले. जून महिन्यात राष्ट्रसंघाकडे तक्रार गेली आणि १७ जुलै रोजी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करण्यात आला. भारताच्या निर्यातीपैकी सुमारे पाच टक्के माल त्या काळी तेथे जात असे, आणि त्यात तागाच्या पोत्यांचा मोठा भाग होता. दारिद्र्य, अन्नटंचाई आणि सत्तांतराची अनिश्चितता यांनी ग्रासलेल्या देशाने हा तोटा पत्करला, ही गोष्ट लहान नव्हे. मानवी हक्कांच्या नावाने केलेले भाषण आणि मानवी हक्कांची परराष्ट्रनीती यांतील भेद ओळखण्याची एक व्यवहारी कसोटी म्हणजे त्या राज्याने त्यासाठी स्वतः काय गमावले हे पाहणे.

न्यूयॉर्क येथे ऑक्टोबर ते डिसेंबर १९४६ मध्ये आमसभेत जो वाद झाला, तो अभ्यासकांनी मुळातून वाचण्यासारखा आहे. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग हेही होते. समोर फील्डमार्शल स्मट्स होते. ज्या सनदेच्या प्रास्ताविकात मानवी हक्कांचा उल्लेख यावा म्हणून स्मट्स यांनी स्वतः मसुदा दिला होता, त्याच सनदेचा आधार घेऊन भारत त्यांच्यावर आरोप करीत होता.

कायद्याच्या दृष्टीने पाहता भारताची बाजू वरवर दिसते तितकी भक्कम नव्हती. तक्रार ज्यांच्यासाठी होती त्यांपैकी बहुसंख्य लोक दक्षिण आफ्रिकेतच जन्मले होते व युनियनचे प्रजाजन होते. म्हणजे परदेशस्थ नागरिकाच्या संरक्षणाचा जुना अपवाद येथे लागू होत नव्हता. म्हणून भारताला दोन निराळे आधार घ्यावे लागले. एक, १९२७ व १९३२ चे समझोते. दुसरा, सनदेतील मानवी हक्कांची कलमे. स्मट्स यांचे उत्तर असे की, ते समझोते आंतरराष्ट्रीय तहाच्या योग्यतेचे नाहीत, सनदेने मानवी हक्कांची व्याख्याच केलेली नाही, आणि विषय घरचा असल्यामुळे आमसभेला त्यात अधिकार आहे की नाही याविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे. ब्रिटन व अमेरिका यांचा या शेवटच्या सूचनेला पाठिंबा होता. भारताने ती सूचना विलंबाची युक्ती म्हणून नाकारली आणि प्रश्न मुख्यतः राजकीय आहे असे प्रतिपादन केले. ८ डिसेंबर रोजी फ्रान्स व मेक्सिको यांनी मांडलेला मवाळ शब्दांतील ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. दोन तृतीयांश बहुमताची अट केवळ काठावर पूर्ण झाली होती. पुढच्याच वर्षी तशाच ठरावाला ३१ विरुद्ध १९ मते पडली आणि तो पडला.

न्यायालयाची वाट टाळण्यात भारताने डावपेच जिंकला, पण मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला, असे म्हणावे लागते. अधिकारक्षेत्राची सीमा तर्काने आखली गेली नाही. ती मतांच्या संख्येने आखली गेली. आणि संख्या बदलली की सीमाही सरकणार, हे ओघानेच आले.

या तक्रारीत आणखी एक उणीव होती, आणि ती कायद्याची नव्हती. १९४६ च्या शिरगणतीनुसार दक्षिण आफ्रिकेत आशियाई वंशाचे लोक सुमारे २ लक्ष ८५ हजार होते. आफ्रिकी लोक ७८ लक्षांहून अधिक होते. त्यांना जमिनीचा, मताचा, संचाराचा अधिकार हिंदी लोकांहूनही कमी होता. त्यांच्याविषयी तक्रारीत शब्द नव्हता. ज्या तत्त्वाचा पुकारा वंशभेदरहित हक्कांचा होता, त्याचा उपयोग एका वंशाच्या आप्तांसाठी केला जात होता. स्मट्स यांच्या पक्षाने हे विसंगत आहे असे म्हटले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते, परंतु तसे म्हणणे त्यांना अर्थातच परवडणारे नव्हते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा त्याच अधिवेशनाच्या वेळी न्यूयॉर्कला आले होते. ९ मार्च १९४७ रोजी झुमा, दादू आणि नायकर या तीन डॉक्टरांनी संयुक्त लढ्याचे निवेदन काढले. तरीही जानेवारी १९४९ मध्ये डर्बन येथे आफ्रिकी व हिंदी लोकांत भीषण दंगल होऊन १४२ माणसे मृत्युमुखी पडली. केवळ आपल्या रक्ताच्या माणसांसाठी न्याय मागणारे धोरण त्या माणसांनाच शेजाऱ्यांपासून तोडते, याचा तो रक्तरंजित पुरावा होता. आफ्रिकेतील हिंदी लोकांनी आफ्रिकी जनतेचे हित प्रथम मानावे, असे पंडित नेहरू पुढे वारंवार सांगत राहिले, ते या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे.

दरम्यान १९४८ मध्ये नॅशनल पार्टी अधिकारावर आली आणि ‘अपार्थाइड’ हे घोषित राज्यधोरण झाले. सप्टेंबर १९५२ मध्ये भारतासह तेरा अरब-आशियाई राष्ट्रांनी हिंदी लोकांचा प्रश्न वेगळा ठेवून संपूर्ण वर्णभेदाचा प्रश्न आमसभेपुढे मांडला. तक्रारीची भूमिका येथे खऱ्या अर्थाने बदलली. पुढील टप्पे सर्वज्ञात आहेत. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे ठार झाली व सुरक्षा समितीने प्रथमच या प्रश्नाची दखल घेतली. १९६१ मध्ये ब्रिटनने अंतर्गत कारभाराचा आपला जुना आक्षेप या एका प्रकरणापुरता सोडला. ६ नोव्हेंबर १९६२ च्या ठरावाने दोन्ही विषय एकत्र करून राजनैतिक व व्यापारी संबंध तोडण्याचे आवाहन केले. आणि ४ नोव्हेंबर १९७७ रोजी शस्त्रबंदी सर्व राष्ट्रांवर बंधनकारक झाली. म्हणजे भारताच्या पहिल्या तक्रारीनंतर एकतीस वर्षांनी. एकट्या भारताच्या व्यापारबंदीने दक्षिण आफ्रिकेचे धोरण तसूभरही बदलले नव्हते, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९४६ नंतर कायदे अधिक कडक झाले, सौम्य नव्हे. निर्बंधांची परिणामकारकता ज्यांचा व्यापार मोठा आहे त्यांच्या हाती असते, आणि ती राष्ट्रे सर्वांत शेवटी आली.

आता या प्रकरणाच्या दुसऱ्या अंगाकडे वळावे लागेल. ज्या कार्यकारी मंडळाने जून १९४६ मध्ये ही तक्रार पाठविली, त्यात श्रमखात्याचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच महिन्यात अमेरिकेतील नॅशनल निग्रो काँग्रेसने तेथील कृष्णवर्णीयांच्या वतीने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. ते वृत्त वाचून आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्यांच्या वतीनेही असाच अर्ज करण्याचा विचार चालू आहे असे कळविले, आणि त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ड्युबॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशातून, दोन तक्रारींचा विचार झाला. एक डर्बनमधील वस्त्यांच्या विलगीकरणाविरुद्ध होती. दुसरी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांविषयी होती. पहिली दाखल झाली, कारण तिच्यामागे सरकार होते. दुसरीचा मार्गच बंद होता: मानवी हक्कांच्या व्यक्तिगत किंवा सामूहिक तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपणास अधिकार नाही, असे मानवी हक्क आयोगाने १९४७ मध्ये ठरविले, आणि आर्थिक व सामाजिक परिषदेने त्याला त्याच वर्षी मान्यता दिली. राज्याला कैफियत मांडता येत होती, माणसाला येत नव्हती.

आमसभेतील वादात भारतातील जातिभेदाकडे बोट दाखविण्यात आले, यात नवल नाही. त्याला भारताजवळ एक खरे उत्तर १९५० नंतर होते: दक्षिण आफ्रिकेत विषमता हा कायदा आहे, भारतात विषमता हा कायद्याने गुन्हा आहे. हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो पुसट करणे अन्यायाचे होईल. परंतु तो भेद राज्याच्या उत्तरदायित्वाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी करारात ‘वंश’ व ‘वर्ण’ यांच्या जोडीला ‘कुलोत्पत्ती’ या अर्थाचा शब्द घातला गेला, तो भारताच्याच सूचनेवरून. १९९६ मध्ये त्या कराराच्या समितीने या शब्दात जातिभेदही येतो असे म्हटले, तेव्हा भारताने ते मान्य केले नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली ती नेमकी डर्बन येथे. दलित संघटनांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने तेथे गेले होते. जात हा परिषदेच्या ठरावाचा विषय व्हावा ही त्यांची मागणी होती. जात म्हणजे वंश नव्हे, आणि या प्रश्नावर देशात घटनात्मक उपाय चालू आहेत, ही भारत सरकारची भूमिका होती. पहिले विधान समाजशास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय आहे. स्वतः आंबेडकरांनीही जातीचे वांशिक मूळ नाकारले होते. पण दुसरे विधान, शब्द वेगळे असले तरी, कलम २ च्या सातव्या परिच्छेदाच्या सुरातले होते, हे १९४६ चे इतिवृत्त वाचणाऱ्याला जाणवल्याशिवाय राहत नाही.

हा अडसर केवळ जातीच्या प्रश्नावर आला असे नाही. १९४८ मध्ये निजामाच्या सरकारने हैदराबादचा प्रश्न सुरक्षा समितीकडे नेला, तेव्हा हैदराबाद हे राज्यच नव्हे व समितीला अधिकारच नाही, अशी भारताची बाजू होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीच्या बाबतीत भारत प्रथम तटस्थ राहिला आणि राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका मागणाऱ्या ठरावाच्या विरोधात त्याने मत दिले. १९५९ मध्ये तिबेटच्या ठरावावर तो तटस्थ होता. १९६५ मध्ये, चीनशी युद्ध होऊन गेल्यावर, त्याने तशाच ठरावाला पाठिंबा दिला. यांपैकी प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळची कारणे होती आणि काही कारणे सबळही होती. तथापि जो देश तत्त्वाच्या नावाने बोलतो, त्याचे मौनही तत्त्वाच्याच मापाने मोजले जाते. स्वार्थाची भाषा उघडपणे बोलणाऱ्या राष्ट्रांवर हा भार पडत नाही. या कारणास्तव भारतावर दांभिकतेचा आरोप अधिक झाला, जरी त्याचे आचरण इतर अनेकांहून वाईट नव्हते.

दक्षिण आफ्रिकेसाठी उघडलेले दार मात्र नंतर पूर्वीसारखे बंद झाले नाही. आर्थिक व सामाजिक परिषदेने १९६७ च्या १२३५ व्या व १९७० च्या १५०३ व्या ठरावाने मानवी हक्कांच्या घोर व सातत्यपूर्ण उल्लंघनाची चौकशी करण्याची वाट मोकळी केली. १२३५ व्या ठरावामागची प्रेरणा प्रामुख्याने वर्णभेद व वसाहतवाद यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची होती. त्यांच्या मनात दक्षिण आफ्रिका होती. ठरावाचे शब्द मात्र सर्व देशांना लागू पडणारे झाले, आणि १९७५ मध्ये चिलीतील परिस्थितीच्या तपासासाठी कार्यगट नेमला गेला.

न्यायालयात हा बदल अधिक सावकाश झाला. नैर्ऋत्य आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या नामिबियाच्या, प्रश्नावर इथियोपिया व लायबेरिया यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दावा आणला. १८ जुलै १९६६ रोजी मते सात विरुद्ध सात अशी समसमान पडून अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा फेटाळण्यात आला. कारण असे देण्यात आले की, या दोन राष्ट्रांचा स्वतःचा कोणताही कायदेशीर हितसंबंध त्यात सिद्ध होत नाही. दुसऱ्याच्या दुःखाविषयी दाद मागण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, हाच जुना प्रश्न न्यायालयाने विचारला होता. चार वर्षांनी, १९७० मध्ये, बार्सिलोना ट्रॅक्शन या सर्वस्वी वेगळ्या, व्यापारी कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने नोंदविले की काही कर्तव्ये समग्र राष्ट्रसमूहाप्रत असतात आणि त्यांच्या पालनात सर्व राज्यांचा हितसंबंध असतो. वंशसंहार, गुलामगिरी व वांशिक भेदभाव यांचा उल्लेख तेथे उदाहरणादाखल केला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियाने रोहिंग्यांच्या संदर्भात म्यानमारविरुद्ध वंशसंहारविरोधी करारान्वये दावा दाखल केला. गांबियाला प्रत्यक्ष झळ लागलेली नव्हती. तरीही त्याला दावा आणण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने २२ जुलै २०२२ रोजी ठरविले. १९६६ चा निकाल त्यामुळे औपचारिकपणे रद्द झाला नाही, कारण येथे कराराचे स्पष्ट कलम हाताशी होते. पण त्याची धार गेली.

भारताची व्यापारबंदी नव्वदीच्या दशकाच्या आरंभी उठली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले. २९ डिसेंबर २०२३ रोजी गाझातील युद्धासंबंधी इस्रायलविरुद्ध याच वंशसंहारविरोधी कराराखाली हेगच्या न्यायालयात अर्ज दाखल झाला, आणि २६ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने त्यावर अंतरिम आदेश दिले. आदेश मागणाऱ्या राष्ट्राचा गाझाशी ना सीमेचा संबंध होता, ना रक्ताचा. ते राष्ट्र दक्षिण आफ्रिका होते.